लिफ्टवाला की शिंपी

ता. २ फेब्रुवारी

बाई,

मायना काय लिहावा यावर वेळ घालवत नाही. तुम्ही माझ्या भावाची बायको आहात, निदान कागदोपत्री अजून आहात, आणि मला हवी असलेली एक वस्तू तुमच्याकडे आहे. एवढ्यासाठीच हे पत्र. फोन केला असता, पण मागच्या वेळी तुम्ही तो आपटलात.

तो नऊ जानेवारीला घरात पडला हे तुम्हाला माहीत आहे. हॉस्पिटलच्या दारात तुम्ही केलेला तमाशा मी विसरलेले नाही. त्याचं उजवं अंग गेलं आहे. त्याहून वाईट म्हणजे वाचा गेली आहे. ऐकतो, समजतंही, पण शब्द बाहेर पडत नाही. घशातून नुसता 'हं' निघतो. तो होकार की नकार हेही कळत नाही. डॉक्टर म्हणतात, बोलणं परत यायचं असेल तर बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत येईल. त्यातले चोवीस दिवस गेले.

आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपिस्ट येतात. त्यांनी सुचवलं की याने आयुष्यात घोकून घोकून म्हटलेले शब्द याला पुन्हा ऐकवावेत. म्हणजे त्याच्या मालिका. चॅनेलकडे चौकशी केली. त्यांनी जुन्या टेपा कधीच पुसल्या. तुम्ही मात्र प्रत्येक भाग घरी रेकॉर्ड करत होतात, असं तो सांगायचा.

'साहेबांची लिफ्ट'च्या सर्व कॅसेटी पाठवा. ते दुसरं, शिंप्याचं, नको. लिफ्टवाला ही त्याने केलेली एकमेव सभ्य भूमिका आहे. मोजकं बोलणारा, कुणाच्या अध्यात नाही न् मध्यात नाही, पाच मजले वर आणि पाच मजले खाली. तो माझा भाऊ आहे. शिंपी कुणाचा कोण, मला ठाऊक नाही.

पोच द्यावी.

त्याची बहीण


ता. ६ फेब्रुवारी

वन्सं,

'बाई' काय? शाळेत घंटा वाजवणाऱ्या बाईंना हाक मारल्यासारखं! तुम्ही मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालात, पण वर्गातून काही बाहेर पडला नाहीत. मी तुम्हाला वन्संच म्हणणार. आवडत नाही म्हणून तर मुद्दाम.

आणि तमाशा? नवऱ्याला बघू द्या म्हटलं, त्याला तमाशा म्हणतात हे नव्यानेच कळलं.

कॅसेटी पाठवते आहे. दोन्ही मालिकांच्या. 'उसवलं की शिवा'च्या सुद्धा. नको म्हणालात तरी पाठवते, कारण तुम्ही मालिका पाहिली आहे आणि मी केली आहे. अकरा वर्षं यांचा प्रत्येक कोट माझ्या हातून गेलाय. कपडेपटातली बाई म्हणून तुम्ही मला लग्नातसुद्धा 'कपडेवाली' म्हणाला होतात. मग आता कपडेवालीचं ऐका.

लिफ्टवाला मोजकं बोलतो म्हणून तुम्हाला भारी आवडतो. आठवतो तो भाग? साहेब याला नोकरीवरून काढायचं भाषण लिफ्टमध्ये पाठ करतायत, आणि हा लिफ्ट मधेच थांबवून त्यांना ते नीट करून देतो. 'साहेब, "खेद वाटतो" आधी घ्या, मग माझं नाव घ्या.' लोक हसून पडले. पेपरात छापून आलं, काय ती थांबण्याची जागा, काय तो संयम! वन्सं, संयम कसला? पुढचं वाक्य आठवत नव्हतं! ते एक पान आम्ही नऊ तुकड्यांत घेतलं. कॅमेऱ्याखाली फळ्यावर खडूने वाक्यं लिहून मी उकिडवी बसले होते. लिफ्टच्या त्या खोक्यात हाताला काही कामच नव्हतं, नुसता एक दांडा. आणि हाताला काम नसलं की यांची जीभ अडते.

शिंप्याच्या वेळी एकदाही फळा लागला नाही. त्रेपन्न भाग, एकदाही नाही. ते का, याचा विचार करा.

यांना भेटायला कधी येऊ?

कपडेवाली


ता. १५ फेब्रुवारी

बाई,

कॅसेटी मिळाल्या. शिंप्याच्या परत पाठवते आहे. खोकं उघडलेलं नाही.

मला अभिनय शिकवू नका. चौतीस वर्षं मी मुलांकडून पाठांतर करून घेतलं आहे. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मी अठरा. त्याला बोलायला मी शिकवलं आहे. तोतरा होता, हे तुम्हाला माहीत नसेल. रोज संध्याकाळी भिंतीला पाठ लावून, हात खाली सोडून, माझ्यासमोर उभं राहून तो कविता म्हणायचा. चुकला की पहिल्यापासून. तोतरेपणा गेला तो तसा गेला.

दोन भूमिकांची तुलना करायचीच तर करते. लिफ्टवाला वरच्या माणसाचा मान राखतो, खालच्याला समजून घेतो, आणि विनोद होतो तो त्याच्या चांगुलपणातून. शिंपी दुकानात आलेल्या प्रत्येकाचा पाणउतारा करतो. जाड माणसाला म्हणतो, 'छत्तीस हे घरी सांगा, टेपला चाळीसच कळतं.' हा विनोद? दुसऱ्याच्या पोटाला हात घालून हशा मिळवायचा? मी एकच भाग पाहिला आणि टीव्ही बंद केला. ज्या मुलाला मी वाढवलं, त्याच्या तोंडी तो उर्मटपणा शोभत नव्हता. तो तुमच्या सहवासात आला होता, हे मला तेव्हाच समजलं.

इथला दिनक्रम असा आहे. दहा वाजता मी त्याला खुर्चीत ताठ बसवते. लिफ्टचा एक भाग लावते, प्रत्येक संवादानंतर थांबवते आणि त्याच्याकडून म्हणवून घेते. अजून म्हणत नाही. मन एकाग्र होत नाही ही अडचण आहे. चांगला राहिलेला डावा हात सारखा चाळवत असतो. चादरीची किनार चिमटीत धरतो, ओढतो, उशीच्या अभ्र्यावर बोटं फिरवतो. म्हणून नर्सला सांगून त्या वेळेपुरता तो हात पट्ट्याने खुर्चीला बांधून ठेवते. लक्ष विचलित होत नाही.

भेटीची आवश्यकता नाही. तुम्हाला पाहून तो अस्वस्थ होईल.

त्याची बहीण


ता. १८ फेब्रुवारी

हात बांधता? बोलणं यावं म्हणून त्या माणसाचा हात बांधता?

वन्सं, तुम्ही त्यांच्या तोंडाला फडकं बांधलं असतंत तरी एवढं नुकसान झालं नसतं.

नीट वाचा, आणि वाचताना पायाने जमीन ठोकू नका. तुमचा भाऊ वाक्य डोक्यात ठेवत नाही. कधीच ठेवत नव्हता. प्रत्येक वाक्य हाताच्या एकेका कामाला अडकवतो. माझ्याकडे वह्या आहेत. कुठल्या शॉटला कोटाची किती बटणं लागली होती, बाही किती दुमडली होती, हातात काय होतं, हे लिहून ठेवायचं माझं कामच होतं, नाहीतर पुढच्या शॉटला जुळत नाही. वहीतलं जसंच्या तसं उतरवते: 'टेप गळ्यातून काढताना – "या, उभे राहा." टेप छातीभोवती – "श्वास सोडा, लाज धरा." खडू झटकताना – "मंगळवारी या." कात्री ठेवताना – "आणि बुधवारी रडा."' मागे एकदा तालमीला टेप विसरली, तर हे ठोंब्यासारखे उभे. टेप आली, वाक्य आलं.

चादरीची किनार चिमटीत धरतात म्हणता? ते कापड बघतायत. अभ्र्यावर बोटं फिरवतात? खुणा करतायत, वन्सं. तो माणूस सव्वा महिना बोलायला बघतोय आणि तुम्ही वर्गात चुळबुळ केली म्हणून शिक्षा देताय!

आणखी एक. शिंप्याच्या पहिल्याच वर्षी स्टुडिओच्या पायऱ्यांवरून पडून यांचं उजवं मनगट मोडलं. चित्रीकरण थांबवता येत नव्हतं. मी प्लास्टर झाकायला रुंद बाहीचा कोट शिवला आणि चौदा ते सव्वीस, हे तेरा भाग यांनी सगळं डाव्या हाताने केलं. कुणाला पत्ता लागला नाही. म्हणजे तेरा भागांचे संवाद डाव्या हातात आहेत. तुम्ही बांधून ठेवलेल्या हातात.

आता उर्मटपणाचं. माझ्या सहवासाने म्हणे! या मालिकेची पहिली तालीम मला लख्ख आठवते. दिग्दर्शक म्हणाले, शिंपी कसा बोलणार? हे ताठ झाले, हनुवटी वर, चष्म्यावरून बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, 'हात खाली. पोक काढायची असेल तर सांगा, कोटाऐवजी पोतं शिवते.' 'शिवते' म्हणाले, वन्सं. 'शिवतो' नाही. सगळे हसले. मी नाही हसले, कारण आदल्याच आठवड्यात मी तुमच्याकडे जेवून आले होते.

लिफ्टवाला म्हणजे तुमच्यासमोर उभा असलेला तुमचा भाऊ. हो साहेब, नाही साहेब. आणि शिंपी म्हणजे तुम्ही. एक भाग बघून टीव्ही बंद केलात, तो उगाच नाही.

चौदा ते सव्वीस पुन्हा पाठवते. सोबत मापाची टेप आहे, मालिकेतल्या त्याच दुकानातली, पिवळी. परत आल्या तर तिसऱ्यांदा पाठवीन. आणि तुमच्या थेरपिस्टबाईंनाही आजच पत्र टाकलंय, क्लिनिकच्या पत्त्यावर.

सहा वर्षांपूर्वी यांना काम मिळेनासं झालं, माझं चालू होतं, ते यांना बघवेना, म्हणून बहिणीकडे गेले. जाऊ दिलं. या, असं मी कधी म्हटलं नाही, तेवढा ताठा माझ्यातही आहे. पण हात सोडा त्यांचा.


ता. ४ मार्च

बाई,

माझ्या घरी येणाऱ्या थेरपिस्टला माझ्या परस्पर पत्र लिहिणं हा निव्वळ आगाऊपणा होता. त्यांनी तुमचं पत्र माझ्यासमोर वाचून दाखवलं. नर्सही तिथेच होती. नर्स हसली. तिला मी समज दिली आहे.

हात सोडला तो थेरपिस्टनी सांगितलं म्हणून, तुम्ही सांगितलं म्हणून नव्हे. तेवीस फेब्रुवारीपासून सोडला आहे. पिवळी टेप दिली. पहिले चार दिवस त्याने ती मांडीवर ठेवली आणि रडला. मी तुम्हाला कळवणार होते की तुमचा सिद्धान्त फोल ठरला.

एक मार्चला सकाळी, त्याच्या खांद्याखाली उशी सारण्यासाठी मी वाकले. त्याने डाव्या हाताने टेप माझ्या पाठीवरून टाकली, पुढे ओढली, आणि म्हणाला, 'हात खाली.'

जड उच्चार होता, पण स्पष्ट होता. मी हात खाली केले. मग तो म्हणाला, 'पोक.' आणि थोड्या वेळाने, 'श्वास सोडा.'

श्वास मी सोडला की नाही हे मला आठवत नाही.

त्यानंतर तीन दिवसांत मी तेराही भाग पाहिले. एकटीने, खोलीचं दार लावून. वस्तुनिष्ठपणे सांगायचं तर शिंप्याची भूमिका लिफ्टवाल्यापेक्षा सरस आहे. लिफ्टवाल्यात थांबण्याच्या जागा आहेत, शिंप्यात एकही जागा वाया गेलेली नाही. चष्म्यावरून पाहण्याची लकब मी दर सकाळी आरशात पाहते. सतराव्या भागात एक गिऱ्हाईक म्हणतं, 'मास्तर, तुम्ही कधी कुणाला चांगलं म्हणालात का हो?' तेव्हा शिंपी म्हणतो, 'म्हटलं की माणसं सैल पडतात.' हे वाक्य माझं आहे. शब्दशः. मी ते त्याला तो शाळेत पहिला आला त्या दिवशी म्हटलं होतं.

सारा देश यावर दोन वर्षं हसत होता, हे तुम्ही मला आज कळवलंत. मोठा पराक्रम केलात.

तरीही उपचार चालू राहतील. टेपबरोबर खडूही लागतो असं दिसतं. पाठवा.

त्याची बहीण


ता. ७ मार्च

वन्सं,

खडू, बोटात घालायचं अंगुस्तान, बटणांचा डबा आणि बोथट कात्री पाठवते. कात्री चित्रीकरणाचीच आहे, लोणीसुद्धा कापत नाही, घाबरू नका.

तुमचं पत्र स्टुडिओत, शिलाईच्या मशीनपाशी उभ्याने वाचलं. शेजारच्या मुलींनी विचारलं, काय झालं हो बाई? म्हटलं, काही नाही, माझ्या नवऱ्याने त्याच्या बहिणीचं माप घेतलं.

तुम्हाला वाईट वाटलं असेल, तर वाटू दे. मला वाईट वाटावं म्हणून तुम्ही कमी का पत्रं लिहिलीत? फक्त एक सांगते, खोटं नको म्हणून. शिंप्याची चेष्टा करून लिहिलेले दोन भाग यांनी नाकारले होते. म्हणाले, तो कडक आहे, मूर्ख नाही. त्यावरून लेखकाशी भांडण झालं, तो आठवडा चित्रीकरण बंद पडलं. मी तेव्हा चिडले होते, कारण भांडण माझ्यासाठी कधी केलं नव्हतं.

आता तरी येऊ का?

कपडेवाली


ता. १७ मार्च

बाई,

येण्याबद्दल नंतर पाहू. सध्या उपचारात खंड नको.

प्रगती आहे. खडू झटकून 'मंगळवारी या' म्हणतो. थेरपिस्टना काल म्हणाला. त्या मंगळवारीच आल्या होत्या, त्यामुळे त्यांना ते बोलणं वाटलं, संवाद नव्हे. कात्री ठेवताना 'बुधवारी रडा' नीट येतं. नर्सला 'चाळीस' म्हणाला. ती रुसली आहे.

एका मुद्द्यावर तुमच्या वहीची गरज आहे. गेले पाच दिवस तो एक शब्द म्हणतो आहे: 'बॅग.' दिवसातून दहा-दहा वेळा. मी इथे असलेल्या सर्व कॅसेटी पुन्हा पाहिल्या, लिफ्टच्या आणि शिंप्याच्या, मला तो संवाद सापडला नाही. काही भाग मधेच तुटलेले आहेत, त्यात गेला असावा. हा कितव्या भागातला संवाद आहे, पुढचं वाक्य काय, आणि त्या वेळी त्याच्या हातात कोणती वस्तू होती, हे उलट टपाली कळवा. ती वस्तू दिली म्हणजे वाक्य पूर्ण करील. तीन महिन्यांपैकी आता तेवीस दिवस राहिले आहेत.

शब्द म्हणताना त्याच्या हातात काहीही नसतं. तो दाराकडे पाहत असतो. त्यामुळे काही अंदाज येत नाही.

त्याची बहीण


ता. २० मार्च

वन्सं,

चौदा वह्या काढल्या. दोन रविवारांचं काम एका दिवसात केलं, रजा टाकून. दोन्ही मालिकांची पानं ओळ न् ओळ पाहिली.

लिफ्टवाला लोकांच्या बॅगा उचलतो, पण 'सामान' म्हणतो. 'साहेब, सामान मी घेतो.' शिंप्याच्या दुकानात बॅग नव्हतीच, कापडाचं गाठोडं असायचं. 'बॅग' हा शब्द यांच्या तोंडी लिफ्टच्या चौसष्ट भागांत नाही आणि शिंप्याच्या त्रेपन्न भागांतही नाही.

तो संवाद नाही. ते स्वतःचं बोलतायत.

हातात काहीही न धरता बोलतायत, वन्सं! त्रेपन्न भागांत मी हे पाहिलं नाही.

तुम्ही बाराखडी शिकवणाऱ्या बाई. पाच दिवसांत तुमच्या हे लक्षात आलं नसेल, असं मी मानत नाही. तेव्हा सरळ विचारते. कुठली बॅग?


ता. २३ मार्च

बाई,

तपकिरी, दोन पट्ट्यांची. तुमच्या घरून येताना आणलेली.

नऊ जानेवारीला सकाळी तो चार शर्ट, दाढीचं सामान आणि वाचायचा चष्मा त्यात भरून पुढच्या दाराशी आला. मी विचारलं, कुठे? म्हणाला, घरी. मी म्हटलं, बोलावलं आहे का तिने? म्हणाला, नाही. मी म्हटलं, मग लाज धर. तो काही बोलणार होता. बॅगेचा पट्टा हातात घट्ट धरून उभा होता, आणि तसाच पडला.

ॲम्ब्युलन्स गेल्यानंतर मी बॅग आत आणली, शर्ट कपाटात लावले, आणि ती माळ्यावर टाकली. डॉक्टरांनी विचारलं, पडला तेव्हा काय करत होता. मी सांगितलं, काही नाही. तुम्हाला हॉस्पिटलमध्ये भेटू दिलं नाही, कारण तो शुद्धीवर येताच पुन्हा हेच म्हणेल अशी मला भीती होती. पुढे बोलू शकत नाही हे कळल्यावर भीती गेली. हे मी लिहिते आहे, कारण चुकीचं उत्तर खोडावं लागतं. तुम्ही त्याचा अर्थ आपुलकी असा काढू नका. तुमच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

काल माळ्यावरून बॅग काढून त्याच्या पायाशी ठेवली. विचारलं, जायचं आहे? तो 'हो' म्हणाला. लिफ्टवालाही दर भागात 'हो' म्हणतो, पण जमिनीकडे पाहून. हा माझ्याकडे पाहत होता.

नर्सच्या कराराचा अजून सव्वा महिना उरला आहे, ती तुमच्याकडे येईल. थेरपिस्टना नवा पत्ता दिला आहे. सकाळच्या दोन आणि रात्रीच्या तीन गोळ्यांचा तक्ता बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, त्यात बदल करू नये. जिना उतरताना उजवीकडून धरावं लागतं. डावीकडून धरलं तर रागावतो, कारण तो हात त्याला मोकळा लागतो. खुर्चीत पोक काढून बसतो. सांगत राहावं, पण माझ्यासारखं नको, तो हसतो आणि मग घास घशात अडकतो.

शर्ट इस्त्री करून भरले आहेत. तुमच्या नजरेला घडी चुकीची वाटेल, तशीच राहू द्या.

गुरुवारी अकराला गाडी घेऊन या. मी दहाला बाहेर पडते आणि एकपर्यंत परतत नाही. किल्ली नर्सकडे ठेवीन.

त्याची बहीण